तुरटीचा खडा कुणाचा?

पुरानी बस्ती हा रायपूरचा सर्वांत जुना भाग. महामायेचे देऊळ, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ आणि त्यांच्या आसपासच्या अरुंद गल्ल्या. जवळच लाखेनगर, बूढा तालाब आणि तात्यापारा. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगढात आला, बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरला होते, आणि त्या अमलाबरोबर व नंतर नोकरीपेशासाठी आलेली मराठी घरे या भागात मुरली. या गल्ल्यांतल्या कुठल्याही लहान सलूनात दाढीला बसा, मांडणी ओळखीचीच असते: आरसा, पाण्याचा फवारा, साबणाचा ब्रश, अर्धे ब्लेड बसवलेला वस्तरा आणि बशीत ओला होऊन गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा. हनुवटीपाशी जरा कापले, रक्ताचा थेंब आला, की कारागीर तोच खडा उचलून गालावर फिरवतो. क्षणभर झोंबते आणि रक्त थांबते. बहुतेकांच्या लेखी विषय तिथेच संपतो.

माझ्या मते तो तिथे सुरू होतो. रक्त थांबवण्याचे ज्ञान आपल्याकडे जुने आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. आपण कमी पडतो ते दुसऱ्या बाजूला. दाढीच्या कापातून बाहेर जाणारे रक्त क्षुल्लक असते. त्याच कापातून आत काय शिरू शकते याचा हिशेब आपण ठेवत नाही. या दृष्टीने हा सगळा प्रश्न एकदा नीट पाहायला हवा.

आधी कापते का ते पाहू. चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. वस्तरा एवढ्याच थरात राहिला तर नुसते ओरखडे येतात, आग होते. त्याखालच्या थरात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. ब्लेडची कड तिथवर पोचली की रक्त येते, आणि चेहऱ्याचा रक्तपुरवठा भरपूर असल्याने कापाच्या मानाने जास्त येते. गाल सपाट असतात म्हणून तिथे क्वचित कापते. हनुवटी, जबड्याचा कोन, कंठमणी, वरच्या ओठाची कड इथे हाड किंवा कूर्चा त्वचेलगत असते आणि उतार एकदम बदलतो. ब्लेड सरळ जाते, त्वचा वळते, आणि मधल्या उंचवट्याचा टवका निघतो. मुरूम, पुटकुळी, तीळ यांचेही तेच होते.

दुसरे कारण कोरडा केस. कोरडा केस ताठ असतो. ब्लेडखाली तो आधी ओढला जातो, मग तुटतो, आणि ओढला जाताना मुळाभोवतीची त्वचा वर उचलली जाते. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. ज्या माणसाला आंघोळीनंतर दाढी करायची सवय आहे त्याने अर्धी काळजी नकळत घेतलेली असते.

तिसरे कारण ब्लेडची कड. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी केस कापून कापून ब्लेड खराब होते. असे का, याचा उलगडा अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. कड सावकाश गोल होत जाते एवढेच नसून तिचे सूक्ष्म तुकडे उडतात, असे त्यांना दिसले. केस वाकलेला असेल, कड त्याच्या बाजूवर आदळली आणि त्या ठिकाणी पोलादाची घडण असमान असली, की ती तडकते. तुकडे उडालेली कड करवतीसारखी चालते. जुन्या ब्लेडने जास्त कापते, कारण ते बोथट म्हणून आपण जोर लावतो आणि खडबडीत म्हणून ते त्वचेत अडकते. पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला, हा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला यातून येतो.

पाण्याचा मुद्दा भारतात किती निर्णायक आहे, हे जिलेट कंपनीला चुकून चुकून कळले. २००२ च्या सुमारास भारतासाठी केलेला रेझर त्यांनी एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला. तिथे तो पसंत पडला, इथे फसला. तिथल्या विद्यार्थ्यांपुढे वाहता नळ होता. इथल्या माणसापुढे तांब्याभर किंवा कपभर पाणी असते. पात्यांच्या मधे केस आणि साबण अडकून बसत आणि रेझर चालत नसे. मग कंपनीची माणसे भारतातल्या घरांत जाऊन बसली. त्यांना दिसले ते असे: जमिनीवर बसून, हातातल्या आरशात पाहत, अपुऱ्या उजेडात दाढी करणारा माणूस, आणि त्याला गुळगुळीत दाढीपेक्षा न कापण्याची फिकीर अधिक. त्यातून २०१० मध्ये एकाच पात्याचा, पुढे त्वचा सपाट करणारा छोटा कंगवा असलेला, सहज धुता येणारा रेझर निघाला. किंमत १५ रुपये, पाते ५ रुपयांचे. तीन-पाच पात्यांच्या जाहिराती पाहून घरातल्या साध्या एकपाती रेझरला कमी लेखणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. थोड्या पाण्यात दाढी करायची असेल तर एक पाते बरे.

आता कापल्यावर काय करायचे. सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे: स्वच्छ कापड किंवा टिश्यू कागद कापावर ठेवून पाच मिनिटे सलग दाबून धरणे. सलग हा शब्द इथे महत्त्वाचा. रक्तातल्या बिंबिका फाटलेल्या वाहिनीच्या कडेला चिकटून एकमेकींना धरतात आणि त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे विणले जाते. त्याला काही मिनिटे लागतात. आपण दर अर्ध्या मिनिटाला कागद उचलून पाहतो आणि नुकतीच बसलेली गुठळी उपटतो. वरून ऊन पाण्याने तोंड धुतो; उष्णतेने वाहिन्या रुंदावतात, पाण्याने गुठळी वाहून जाते, आणि रक्त थांबतच नाही असे वाटू लागते. कापल्यानंतर पाणी गार हवे. बर्फाचा तुकडा कापडात गुंडाळून धरला तर आणखी चांगले.

तुरटीचे काम खरे आहे. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा सल्फेट क्षार आहे. ओल्या जखमेवर लागताच ती पृष्ठभागावरची प्रथिने साखळवते, पेशीसमूह आक्रसवते आणि सूक्ष्म वाहिन्यांची तोंडे मिटतात. औषधदुकानात मिळणाऱ्या रक्तरोधक पेन्सिलीतही हेच ॲल्युमिनियमचे क्षार असतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, म्हणजे तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा जवळ आणणे, स्कंदन, म्हणजे थंडाव्याने रक्त गोठवणे, पाचन, म्हणजे भस्माने जखम सुकवणे, आणि शेवटी दहन, म्हणजे डागणे. गार पाणी आणि तुरटी हे पहिले दोन मार्ग आजही दाढीच्या कापाला पुरेसे आहेत. हे पाहून मला आदर वाटतो, आणि तो नुसत्या अभिमानापोटी नाही. निरीक्षण करून उतरंड लावण्याची ती पद्धत आहे, सौम्य उपाय आधी, कठोर शेवटी.

बाकीच्या घरगुती उपायांविषयी मात्र कठोर व्हायला हवे. पानाचा चुना दाहक आहे. तो कापावर लावला तर जखम भाजते. वर्तमानपत्राचा कपटा हाताहातांतून फिरलेला असतो. हळदीविषयी आपल्याला माया आहे, प्रयोगशाळेत तिच्या घटकांचे जंतुरोधक गुण दिसलेही आहेत, पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि रंग खुलवण्यासाठी हळदीत शिशाचे क्षार मिसळल्याची प्रकरणे उघडकीला आलेली आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण तो भरून येऊ पाहणाऱ्या पेशींनाही इजा करतो. आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलने आग होते. रक्त थांबवण्याचे ते औषध नाही.

रक्त थांबल्यानंतर जखम कोरडी पडू द्यावी, खपली धरू द्यावी, अशी आपली समजूत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, कारण नव्या पेशींना खपलीखालून वाट काढावी लागत नाही. दाढीच्या कापावर साधी पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकाएवढी लावली की पुरते. तिथे अँटिबायोटिक मलमच हवे असेही नाही. १९९६ मध्ये नऊशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर साधी जेली आणि बॅसिट्रॅसिन मलम यांची तुलना झाली. संसर्गाच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही, ॲलर्जी मात्र मलमवाल्या गटातच झाली. नियोमायसिन या अँटिबायोटिकचेही ॲलर्जीबाबत नाव वाईट आहे.

आपल्या देशात याहून मोठा धोका दुकानात सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांचा आहे. त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असते. पहिल्या दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात चेहऱ्याची त्वचा पातळ, लालसर आणि पुरळांनी भरलेली होते. २०१८ मध्ये सरकारने लावायची स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. पातळ झालेली त्वचा पुढच्या दाढीला आणखी कापते, हे दुष्टचक्र वेगळेच.

आत काय शिरते या मूळ प्रश्नाकडे येऊ. तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ च्या एप्रिलमध्ये कैरोत वारले. डास चावल्याची जागा दाढी करताना कापली, तिथून रक्तदोष झाला आणि वर न्यूमोनिया. वर्तमानपत्रांनी शापाची गोष्ट रंगवली. खरे कारण प्रतिजैविकांच्या आधीच्या काळातला एक दूषित काप होता. त्याआधी पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्सचे रुग्ण निघाले होते. ब्रश घोड्याच्या केसांचे होते, नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि दाढीच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून जंतू शिरले.

न दिसणारे ओरखडे हा इथे कळीचा भाग आहे. शस्त्रक्रियेआधी त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढण्याची पद्धत जगभर होती. १९७१ मध्ये सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी दाखवले की वस्तऱ्याने केस काढलेल्यांत जखम दूषित होण्याचे प्रमाण ५.६ टक्के होते. केस काढलेच नाहीत किंवा मलमाने काढले तिथे ०.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही वस्तरा वापरू नये असे ठामपणे म्हटले आहे. रक्ताचा थेंब दिसला नाही म्हणजे त्वचा अखंड आहे, असे होत नाही.

आता सलूनातला तुरटीचा खडा पाहा. तो एका गालावरून दुसऱ्या माणसाच्या गालावर जातो, आणि नेमका तिथेच जातो जिथे रक्त आलेले आहे. तुरटी रक्त थांबवते. विषाणू मारण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. कावीळ ‘क’चा विषाणूही अनुकूल परिस्थितीत पृष्ठभागावर काही आठवडे टिकू शकतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसायला हवा असेही नाही. मला सर्वांत जास्त काळजी या खड्याचीच वाटते. एचआयव्हीविषयीच्या जनजागृतीमुळे ब्लेड बदलण्याचा आग्रह आता पुष्कळ गिऱ्हाइके धरतात, कारागीरही समोर पाकीट फाडून दाखवतो. पण खडा, ब्रश आणि रुमाल यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

ब्लेडचाही प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या रावळपिंडी-इस्लामाबादच्या एका पाहणीत प्रत्यक्ष निरीक्षणात जवळपास निम्म्या दाढ्यांत आधी वापरलेले ब्लेडच पुन्हा वापरले गेले. तिथली सलूने आपल्या गल्लीतल्या सलूनांहून फार वेगळी नाहीत. अँटिसेप्टिकच्या वाटीत वस्तरा बुडवला की तो निर्जंतुक होतो हीही समजूत चुकीची. दिवसभराच्या साबणाने आणि केसांनी गढूळ झालेल्या त्या द्रवाचा भरवसा धरता येत नाही. याखेरीज चामखिळीचा विषाणू आहे. चपट्या चामखिळी दाढीच्या भागात वस्तऱ्याच्या ओढीच्या रेषेत ओळीने उगवतात, कारण ब्लेडनेच त्या पेरलेल्या असतात. केसतूड, पू भरलेल्या पुटकुळ्या, दाढीतला गजकर्ण यांचीही वाट तीच.

कारागिराचा दोष काढून हा प्रश्न सुटणार नाही. धोका त्यालाही आहे, किंबहुना रोज आहे: ब्लेड मोडताना, बसवताना, काढताना त्याच्या बोटांना चिरा पडतात आणि गिऱ्हाइकाचे रक्त त्याच बोटांना लागते. एक ब्लेड मोडून दोन अर्धी केली की दोन माणसे होतात. खर्च माणशी रुपया-दोन रुपये. तो गिऱ्हाइकाने आनंदाने दाढीच्या दरात द्यावा. वापरलेली अर्धी ब्लेडे झाकणाला फट पाडलेल्या डब्यात टाकावीत, कचऱ्याच्या पिशवीत नकोत. ती पिशवी उद्या सकाळी हाताने उचलणारा कुणीतरी असतो. कावीळ ‘ब’वर लस आहे: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रा. बाळांच्या सार्वत्रिक लसीकरणात ती देशभर २०११ पर्यंत पोचली, त्यामुळे आज खुर्चीमागे उभ्या असलेल्या बहुतेक प्रौढ कारागिरांना ती लहानपणी मिळालेली नाही. सेन समाजाच्या मेळाव्यांत, संत सेना महाराजांच्या उत्सवात लसीकरणाचे टेबल लावता येईल. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून काविळीच्या या प्रकारांची तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. त्याची माहिती सलूनाच्या भिंतीवर हवी.

छत्तीसगढात या विषयाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात जशी बलुतेदारी, तशी इथे पौनी-पसारी: नाऊ (म्हणजे न्हावी), धोबी, राऊत, लोहार यांनी वर्षभर सेवा द्यायची आणि धान्य घ्यायचे. शहरात ती मोडली, तिच्या नावाने राज्य सरकारने पारंपरिक व्यवसायांसाठी बाजारांची योजनाही काढली. पण सुख-दुःखाच्या प्रसंगी नाऊ अजूनही लागतोच. दशगात्राच्या दिवशी तलावाच्या काठी किंवा खारून नदीवर महादेव घाटावर भाऊबंद ओळीने बसतात आणि डोकी भादरली जातात. मराठी घरांत दहाव्याला तेच. घाई असते, दुःख असते, सगळे उघड्यावर, पाणी तलावाचे, आणि ओळीतल्या दहा-पंधरा माणसांना एक वस्तरा. डोक्याची त्वचा रक्तवाहिन्यांनी भरलेली, उंचसखल, आणि एरवी कधी न भादरलेली, इथे कापतेच. त्या वेळी ब्लेडविषयी बोलणे कुणाला सुचत नाही आणि शोभतही नाही. म्हणून ते आधी करायचे काम आहे: दहाव्याच्या सामानाच्या यादीत दर्भ, तीळ यांच्याबरोबर ब्लेडचे पाकीट, स्वच्छ पाण्याची कळशी आणि टिश्यूचा गठ्ठा लिहायचा. गुरुजींनी मनावर घेतले तर महिनाभरात रीत पडेल. तिरुमलाला रोज हजारो मुंडने होतात आणि तिथे दर भाविकासाठी नवे अर्धे ब्लेड वापरतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जमते तर घाटावर न जमण्यासारखे काही नाही. बाळाच्या जावळाला हा आग्रह दुप्पट हवा. बाळ हलते, टाळू मऊ असते. झोपेत असताना, टाळूच्या जागी केस थोडे ठेवून, कातरयंत्राने काढले तरी संस्कारात उणे येत नाही.

घरच्या दाढीविषयी थोडे. भिजवा, साबण किंवा क्रीम दोन मिनिटे राहू द्या, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने हलक्या हाताने ओढा, दर ओढीनंतर रेझर धुवा, नंतर तो कोरडा करून न्हाणीघराबाहेर ठेवा. उलटी दाढी गुळगुळीत होते, पण कापते आणि कुरळे केस आत वळून टोचतात. रोज उलटी करायची गरज नाही. पुटकुळी असेल तर वळसा घाला. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा घामाने ताजे ओरखडे झोंबतात. दाढी संध्याकाळी केली तर त्वचेला रात्र मिळते. मिसरूड फुटलेल्या मुलाला कुणीतरी उभे राहून शिकवावे. पहिली दाढी तो वडिलांच्या जुन्या रेझरने गुपचूप करतो, आणि रेझर घरातही वाटून घ्यायची वस्तू नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे वेगळे पाहावे लागते. हृदयविकारानंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू असते. रक्त सावकाश गोठते आणि लहानसा कापही बराच वेळ झिरपतो. हात थरथरत असेल, नजर अधू असेल तर विजेवर चालणारा रेझर घेऊन द्यावा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. पंधरा मिनिटे सलग दाबूनही रक्त थांबले नाही, कडा उघड्या राहिल्या, कोणताही त्रास नसताना एकच तीळ वारंवार रक्ताळू लागला, किंवा दोन दिवसांनी लाली पसरून ठणका, पू, ताप आला, तर डॉक्टरकडे जायला हवे. मधुमेह्याने त्याहून लवकर. गंजलेल्या वस्तऱ्याने कापले आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर तिची मात्रा घ्यावी.

खड्याचे काय करायचे, हा प्रश्न सलूनापुरता सोडवणे सोपे आहे. मोठा खडा फोडून हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, एका माणसाला एक तुकडा वापरायचा आणि टाकून द्यायचा. किंवा तुरटीची पूड ठेवून टिश्यूच्या कोऱ्या तुकड्यावर घेऊन लावायची. नियमित गिऱ्हाइकाने स्वतःचा ब्रश आणि स्वतःचा खडा छोट्या डबीत घालून दुकानात ठेवला तर कारागीर नाराज होत नाही; डबीवर नाव लिहून घेतो.